शेवटचा हात कोणाचा

चिप सोडवायची गरम हवेची गन तापत ठेवली होती आणि मी खोटं बोलून बसले होते.

माजघरातल्या टेबलावर सुनेचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. आतला पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागलेला होता, पण पडदा काळा. सकाळपासून काळाच. मिस्त्री खिडकीच्या गजाला हात लावून उभा होता. म्हणजे आता तो कामाला लागणार.

"चिप उपटा लागते," तो म्हणाला. "माह्या हात आता पयलेसारखा राह्यला नाही, पोरी. जमलं तं एका खेपेत जमते. नाही तं बोर्ड गेला."

सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं नुसती मान हलवली.

त्या डब्यात तीन घरच्या लग्नपत्रिका होत्या. नुसत्या पत्रिका असत्या तर पुन्हा केल्या असत्या. पण दुपारी माझा लेक वावरात जाता जाता दारातून सांगून गेला होता, "हे गेलं तं दुसरं येनार नाही. उद्यापासून चाल माह्यासंगं निंदाले." तो रागात बोलतो, पण बोललेलं करतो. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

गनचा गरम वास खोलीभर सुटला. मी पाटावर बसून होते. तोंडावर बोलणारी बाई म्हणून मला सगळं मोताळा गाव ओळखतं. त्या दिवशी माझं तोंड उघडत नव्हतं.

हा मिस्त्री कोण, ते सांगते.

आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत तो बावीस वर्षं भाड्यानं राहिला. मूळचा उंद्रीकडचा. आला तेव्हा सोबत लोखंडाच्या दोन पेट्या आणि लहान पोराची पाटी होती. मला वाटलं, बायको-पोरगं मागून येईल. कोणी आलं नाही. पाटी त्याचीच होती.

तो आधी रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ गेले, टीव्ही आले. मग कॉम्प्युटर आले. तो कोणाकडे शिकायला गेलेला मी पाहिला नाही. मेलेलं मशीन घ्यायचा, उघडायचा आणि आठ-आठ दिवस त्याच्यापुढे बसायचा. मशीनं बदलत गेली, त्याची पद्धत बदलली नाही.

पद्धत अशी. कोणी मशीन घेऊन आलं की तो त्याला हात लावत नसे. पाटी मांडीवर घ्यायचा आणि विचारायचा, "शेवटचा हात कोणाचा?"

माणूस म्हणायचा, "कोनाचाच नाही. असाच बंद पडला."

मग मिस्त्री पाटीवर 'असाच' एवढं लिहायचा आणि मशीनचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचा. झालं. पुढे काही नाही. माणूस चार दिवसांनी यायचा, मशीन भिंतीकडे तोंड करून तसंच. शिव्या देऊन घेऊन जाणारे गेले. पण मोताळ्यात दुसरा कोण होता? बहुतेक परत यायचे.

त्या घरात जेवढे जण ते मशीन वापरत, तेवढ्या सगळ्यांना तो बोलवायचा. एकेकाला आत घ्यायचा, दार लावायचा. 'असं का केलं' हे तो कधी विचारत नसे. फक्त "मंग?" म्हणायचा. माणूस थोडं सांगून थांबला की पुन्हा "मंग?" असं पाच-सहा वेळा झालं की खरं बाहेर पडायचं. ते तो पाटीवर लिहायचा. मशीन सुरू झालं की ओल्या तळव्यानं पाटी साफ करायचा. मग बाप विचारो की नवरा, काय बिघडलं होतं, कोणी बिघडवलं, त्याचं एकच उत्तर. "पाटी पुसली."

मी एकदा त्याला म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही डॉक्टर तरी व्हा नाही तं फौजदार तरी व्हा."

तो म्हणाला, "फौजदाराले खरं सांगतलं तं मार पडते, बाई. मले सांगतलं तं टीव्ही चालू होते."

त्याच्या आणि माझ्या खोलीमधली भिंत एका विटेची आहे. मी कान लावत नव्हते, पण कान बंदही करता येत नाहीत. एकदा आमच्याकडचे एक मोठे जमीनदार टीव्ही घेऊन आले. गडी टीव्ही उचलून आणि हे मागून हात हलवत. "असाच बंद पडला." मिस्त्रीनं लिहिलं, टीव्ही भिंतीकडे. त्यांनी आवाज चढवला. हा म्हणाला, "घाई असंन तं दुसरीकडं न्या." आठव्या दिवशी ते एकटेच आले, दार आपल्या हातानं लावलं आणि हळू आवाजात सांगितलं. क्रिकेटची मॅच हरली तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या टीव्हीवर फेकला होता. घरात सगळ्यांना सांगितलं होतं, मांजरानं पाडला.

"भरलेला का रिकामा?" मिस्त्रीनं विचारलं.

"अर्धा."

"थंडं पानी का गरम?"

ते जमीनदार एखाद्या पोरासारखे उत्तरं देत होते. दुसऱ्या दिवशी टीव्ही चालू झाला. ते आता नाहीत, म्हणून लिहिलं.

आता चांगला होता म्हणजे गोड होता, असं कोणी समजू नये. खोली बावीस वर्षांत कधी झाडली नाही, का तर स्क्रू हरवतात. माझी भिंत त्यानं धुरानं काळी केली. बाजाराच्या दिवशी खोलीला कुलूप लावून बसायचा. सगळं गाव आलेलं असतं आणि हा बंद. म्हणायचा, बाजाराच्या दिवशी लोक घाईत राहतात आणि घाईत खोटं जास्त बोलतात. चहा गरम पीत नसे. कप ठेवून द्यायचा, साय धरली की बोटानं काढायचा आणि मग प्यायचा. बघवत नसे.

आणि तो खिडकीचा गज. मशीनच्या आत बोट घालायच्या आधी तो चप्पल काढायचा आणि खिडकीच्या गजाला हात लावून उभा राहायचा. शेजारच्या बायकांना वाटायचं, काहीतरी देवाचं म्हणतो. एकीनं गजाला हळद-कुंकूही लावलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "अंगात वीज राह्यते, बाई. चिपले ती सहन होत नाही. गजाले देऊन टाकतो." मला ते खोटं वाटलं. पुढं सुनेनं सांगितलं, खरं आहे.

सून बारावी शिकून आमच्या घरात आली. पहिल्या वर्षी तिनं मिस्त्रीच्या उंबऱ्यात बसायला सुरुवात केली. तो तिला काही शिकवत नसे. पकड मागायचा, ती द्यायची. पुढं पुढं तो मागायच्या आधीच ती द्यायला लागली. मग तिनं जुना कॉम्प्युटर घेतला आणि लग्नपत्रिका करायला लागली. आमच्याकडे पत्रिका म्हणजे साधी गोष्ट नाही. एका पत्रिकेत साठ-सत्तर नावं. मामाचं नाव काकाच्या खाली गेलं तर मांडवात भांडण. सुनेला ते सगळं बरोबर जमायचं. लोक तिच्याच हातची पत्रिका मागायचे. माझ्या लेकाला ते आवडत होतं असं नाही. एकदा मिस्त्री त्याला तोंडावर म्हणाला, "तुह्या बायकोले माह्यापेक्षा बरं समजते. तुले काऊन राग येते बे?" त्या दिवसापासून लेक त्याच्याशी कामापुरतं बोलायचा.

आता त्या दिवसाचं.

सुनेनं नवीन डिस्क आणली होती आणि मशीन ती ओळखत नव्हतं. दुकानदारानं फोनवर सांगितलं, मशीनचा मूळचा प्रोग्रॅम जुना झाला आहे, तो नवा टाका. मिस्त्रीला न विचारता तिनं पहिल्यांदा असं काम स्वतःच्या हातानं करायचं ठरवलं. सकाळी मला म्हणाली, "आत्याबाई, अर्धा तास लाईट बंद नका करू. मधी बंद झाली तं मशीन मरते."

मी म्हटलं, "मी कायले बंद करू?"

आणि मी लाईट बंद केली नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन.

आमच्याकडे घरोघरी दारापुढच्या ओट्यावर फेज बदलायचा खटका असतो. खांबावरून तीन फेज येतात. एक मंद पडला, बल्ब पिवळा झाला, की खटका फिरवून दुसऱ्यावर यायचं. मधे एक श्वास जातो, तेवढाच. दिवसातून चारदा करतो. दार लोटावं तसं, लक्षातही राहत नाही. मी शेंगदाण्याची चटणी वाटत होते. एक भांडं वाटून झालं, पण मिक्सर रडत होता. उठले, ओट्यावर गेले, खटका फिरवला, परत आले. दुसरं भांडं झरझर निघालं. लाईट बंद करणं वेगळं आणि फेज बदलणं वेगळं, असंच माझ्या डोक्यात होतं. इन्व्हर्टरची बॅटरी गेल्या उन्हाळ्यातच बसली होती, तीही मधे आली नाही.

सून भीतीनं मशीनजवळ बसली नव्हती, मागच्या अंगणात उभी होती. आत आली तर पडदा काळा.

मिस्त्री आला. एरवी तो कोणाच्या घरी जात नसे, भिंतीपलीकडून आला एवढंच. पाटी घेऊन आला. सुनेला विचारलं, लेकाला विचारलं. मग मला ओट्यावर घेतलं आणि दार लावलं.

"बाई, शेवटचा हात कोणाचा?"

"मले काय मालूम? मी सैपाकात होती."

"मंग?"

"मंग काही नाही."

"मंग?"

"काही नाही म्हटलं ना."

त्यानं पाटीवर 'सैपाक' लिहिलं आणि आत गेला. तोवर मला कळलं होतं, मशीन माझ्याच हातानं मेलं. त्याच ओट्यावर, खटक्याच्या खालीच बसून मी ते बोलले होते.

मग तो सुनेला समजावून सांगायला लागला आणि मी ऐकत होते. मरायच्या दोन तऱ्हा आहेत, म्हणाला. चिपवर प्रोग्रॅम लिहिताना मधेच लाईट गेली असेल तर चिपमध्ये एक लहानसा कोपरा जिवंत राहतो. तीच फाईल पेनड्राईव्हवरून पुन्हा पाजली की मशीन उठतं. पण फाईलच चुकीची असेल, दुसऱ्या बोर्डाची असेल, तर तीच पुन्हा पाजून उरलेला कोपराही मरेल. मग चिप काढून बाहेर लिहावी लागते. बोर्डावरचा नंबराचा कागद उंदरानं कुरतडलेला, म्हणून फाईल बरोबर होती की नाही हे सांगता येत नव्हतं. "लाईट तं गेली नाही," तो म्हणाला. "माह्या खोलीत रेडिओ चालू होता. म्हंजे फाईलच चुकली."

त्याच्या खोलीचं मीटर वेगळं आहे, आमचा खटका फिरवला तरी तिथं कळत नाही.

"अन् पत्रिका? डिस्क काढून दुसऱ्यात लावली तं?" लेकानं विचारलं.

सून म्हणाली, "अक्षरांचं सॉफ्टवेअर याच बोर्डाशी बांधेल आहे. दुसऱ्यात उघडलं तं नावाच्या जागी नुसते कंस अन् फुल्या दिसतात. ज्यानं देलं, त्याचं दुकान बंद पडलं."

"मंग कायले हात लावला त्याले?" लेक ओरडला आणि ते वावराचं बोलून निघून गेला.

तर अशी ती दुपार. गन तापत होती. मिस्त्रीनं गजावरचा हात काढला आणि म्हणाला, "आधी दोन घास दे, पोरी. उपाशी हात जास्त हालते."

सुनेनं भाकर आणि चटणी आणून दिली. तो जमिनीवर मांडी घालून बसला. एक घास खाल्ला. मग चटणी चिमटीत धरून बोटांनी चोळली. पुन्हा चोळली. मी बघत होते.

"पोरी, बाहीर उभी राह्य जरा," तो म्हणाला.

ती गेली. त्यानं उठून दार लावलं आणि परत ताटापाशी बसला.

"बाई, हे चटनी अर्धी भरड अन् अर्धी पीठ झाली. मिक्सर एकच ना?"

"एकच."

"मंग?"

तो घास चावत राहिला. घाई अशी त्याला नव्हतीच. बाहेर सुनेच्या पायांची सावली दाराखाली दिसत होती. ती एका जागी उभी नव्हती.

"फेज फिरवला म्या," मी म्हटलं.

"पयल्या भांड्यानंतर?"

"हाव."

"किती टाइम गेली लाईट?"

"एक श्वास."

त्यानं ताट सरकवलं. पाटीवर 'सैपाक'च्या खाली 'फेज' लिहिलं. 'तुम्ही काऊन नाही सांगतलं' असं तो म्हणाला नाही. उठला आणि गनचं बटण बंद केलं.

"बरं झालं," एवढंच म्हणाला. "चिप उपटता उपटता मेलीच असती. दोन महिन्यांत माह्या हातानं दोन बोर्ड गेले."

हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा मला समजलं, गन तापत असताना तो जेवायला का बसला. भूक नव्हती त्याला. त्याला भीती वाटत होती.

सुनेला आत बोलावलं. "तुही फाईल बरोबर आहे," त्यानं सांगितलं. तिनं कसं कळलं म्हणून विचारलं नाही, त्याची पद्धत तिला माहीत होती. पेनड्राईव्ह लावला. तिनं दोन बटणं दाबून धरली, त्यानं मशीन सुरू केलं. पंखा एकदम जोरात फिरायला लागला. पडदा काळाच.

"आता दहा मिनिटं कोनी काही नाही करायचं," तो म्हणाला. "पडद्याकडं पाहू नोका, तो काही सांगत नाही. बाई, तुम्ही खटक्यापाशी बसा. कोनी हात लावाले आलं तं हात तोडा."

मी ओट्यावर जाऊन खटक्याखाली बसले. चार मिनिटं झाली असतील, ओट्यावरचा बल्ब पिवळा पडायला लागला. माझा हात आपोआप उठला. इतक्या वर्षांची सवय. मी तो हात मांडीखाली घेऊन त्याच्यावर बसले. बल्ब विझत विझत काडीएवढा राहिला. आतून पंख्याचा आवाज येत होता, थांबला नव्हता, तेवढ्यावर मी बसून राहिले. मी देवाचं नाव घेतलं नाही. माझं चुकलेलं देवावर कशाला टाकू?

मग आत मशीन एकदा वाजलं. बारीक, शिट्टीसारखं. पंखा बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला.

सून ओरडली नाही. "दिसलं," एवढं म्हणाली. मी आत गेले तर पडद्यावर कोण्या तरी मामाचं नाव होतं, सोनेरी अक्षरात, काकाच्या बरोबरीनं.

मिस्त्रीनं तळव्यावर पाणी घेतलं आणि पाटी पुसली.

संध्याकाळी लेक आला. मशीन चालू बघितलं. मग मिस्त्रीला विचारलं, "काय झालं होतं? चूक कोनाची होती?"

"पाटी पुसली."

"म्हंजे इचीच," लेक बायकोकडे बघून म्हणाला. "मालूमच होतं मले. आज वाचलं, उद्या पुन्हा करशीन. ह्या पत्रिका देऊन टाक अन् बंद कर हा धंदा."

सून खाली बघत होती. मिस्त्री चपला घालत होता. त्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला राग आला असता आणि मी गप्प बसले असते. हे त्याला कळत होतं का, मला माहीत नाही.

"फेज म्या फिरवला," मी म्हटलं.

"माय, तू?"

"मंग कोन? तिनं सकायीच बजावलं होतं मले. तिची काही चूक नाही. तुले वावरात कोनी पाहजे असंन तं मले ने."

"मंग दुपारी काऊन नाही सांगतलं?"

"नाही सांगतलं," मी म्हटलं.

लेक हातपाय धुवायला गेला. वावराचं पुन्हा कधी बोलला नाही. मिस्त्री दारातून म्हणाला, "बाई, उद्या चटनी एकसारखी वाटजा," आणि गेला. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खटक्यावर कागद चिकटवला, 'विचारून.' एवढंच. मला वाचता येतं. तेव्हापासून मी विचारते.

पुढं मिस्त्रीनं गनचं काम सोडलं आणि ते सुनेला दिलं. त्याचा हात फार हलायला लागला होता. तो खुर्चीवर बसून नुसता विचारायचा आणि पाटीवर लिहायचा. अक्षरही वाकडं होत गेलं. एक दिवस सकाळी दार उघडलं नाही. झोपेतच गेला होता. त्याच्या खोलीत तेरा मशीनं निघाली. त्यांतली पाच भिंतीकडे तोंड करून होती. लोक येऊन घेऊन गेले. त्या पाच मशीनांच्या मालकांपैकी चौघं आधी सुनेसमोर बसले, दार लावून. पाचवा अजून आलेला नाही.

आता त्या पुढच्या खोलीत सून बसते. खोली झाडते, हे मी तिला करायलाच लावलं. पाटी खिडकीत आहे.

त्या दुपारी त्या मशीनपाशी आम्ही तिघं होतो. मिस्त्री गेला. सून आहे, मी आहे, आणि ते मशीन अजून चालतं.